चौदा दगड आणि मामींचं पाऊल

आमचे घरमालक कृष्णस्वामी मामा चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी हा माणूस कागदावर रेघ मारल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. घराणं तंजावरचं, मराठी. पण चेन्नईत काका कुणी म्हणत नाही, सगळे मामाच. मी नाशिकहून नोकरीसाठी आलेली, त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची मला खोड आहे.

मार्चमध्ये त्रिपुरसुंदरी मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. परसात तीस फुटांवर तुळस, आणि मधली जमीन मऊ नि उंचसखल. रोज सकाळी मामा हात धरून त्यांना नेत आणि आणत. मामींना त्याचा भारी जाच.

"नेऊन आणावयास मी काय उत्सवमूर्ती?" त्या म्हणत. त्यांना तुळशीपर्यंत एकटीनं जायचं होतं, बाकी काही नको होतं. इकडचा पाऊस ऑक्टोबरात. तो लागला की परसात नुसता चिखल. मग हात धरूनही जाणं बंद.

म्हणून मामांनी दगडी वाट करायचं मनावर घेतलं. तीन दिवस नकाशा चालला. खडबडीत कडप्पा आणवला, पाय घसरू नये म्हणून. गवंडी नको, स्वतःच करणार. चार इंच खणायचं, वाळू चोपायची, दगड बसवून रबरी हातोड्यानं ठोकायचा आणि पाणसळ लावायची. पाणसळीतला बुडबुडा केसभर सरकला की दगड पुन्हा वर. माझे दोन रविवार त्यात गेले. मामींनी खिडकीतून विचारलं, "इतके दूर दूर कशास?" मामा म्हणाले, "प्लॅनमध्ये सगळं आहे."

चौदा दगड बसले. मामी काठी घेऊन आल्या. पहिल्या दगडावर उभ्या राहिल्या. दुसऱ्यावर पाय पोचेना. ताणून बघितला, तर तोल गेला आणि काठी मातीत रुतली. मी धावले.

"ह्या तुमच्या ढांगा," त्या मामांना म्हणाल्या. "माझ्या नव्हेत." आणि घरात गेल्या.

मला राहवलं नाही. "चालणार त्या आणि माप तुमचं? त्यांना एकदा विचारायचं तरी, मामा."

"सव्वीस इंच. स्टँडर्ड माप आहे," मामा म्हणाले आणि हातोडा धुवायला लागले. मी तणतणत जिना चढले.

चार दिवसांनी गोकुळाष्टमी आली. त्या दिवशी तांदळाच्या पिठानं उंबऱ्यापासून देवघरापर्यंत बाळकृष्णाची पावलं काढायची. मामींना वाकता येईना, म्हणून मी काढली. पीठ कालवलेलं पाणी परातीत उरलं होतं. मामा बराच वेळ त्या परातीकडे बघत बसले. मग ती उचलून त्यांनी मामींच्या पुढ्यात ठेवली.

"सुंदरी, पाय बुडव. अन् चाल. रोज चालतेस तशीच."

"ह्या वयात कसले खेळ?" असं म्हणत मामी माझा खांदा धरून परातीत उभ्या राहिल्या, मग काठी घेऊन दिवाणखान्याच्या लाल फरशीवर चालल्या. मागे पांढरे ठसे उमटले. डावं पाऊल पुरतं. उजवं आडवं पडलेलं, अर्धवट, आणि डाव्याच्या जेमतेम पुढे. मामा टेप घेऊन गुडघ्यांवर बसले. पंधरा इंच. कुठे चौदा.

ते उठेचनात. "टी. नगरच्या बाजारात, गर्दीत मी हिजवर रागावत असे," ते मला म्हणाले. "मागे कशास राहतेस म्हणून. चाळीस वर्षं." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सगळे दगड उपटले. आणखी दहा आणवले. नकाशा झाला नाही. मामी व्हरांड्यात खुर्ची टाकून "इकडे, अजून इकडे" सांगत होत्या आणि मामा मुकाट्यानं ऐकत होते. पाणसळ मात्र सोडली नाही.

सप्टेंबरच्या एका सकाळी मी दूध घ्यायला खाली आले. मामा नेहमीच्या वेळी मागच्या दारात हात पुढे करून उभे, सवयीनं. मामी समोरून येत होत्या, परसातून, एकेका दगडावर काठी टेकत. पूजा आटोपलीसुद्धा होती. पुढे आलेल्या हातावर त्यांनी तुळशीचं पान ठेवलं आणि "कॉफी ठेवते" म्हणून आत गेल्या.

मामा हात तसाच धरून उभे राहिले.