विहारातली किरकिर

पुण्यातल्या कंपनीत मी नेमकं काय करते, हे आमच्या गावी, अल्लीपुरात, कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळेच माझी इज्जत टिकून होती. "कम्प्युटरमध्ये आहे," एवढं सांगून बाबा मोकळे व्हायचे. एकदा पावसाळ्यात रजेवर आले, तेव्हा आत्याने मात्र खोदून विचारलं.

मी सांगितलं, बॅटरीचं व्होल्टेज यंत्राला हवं तेवढं करून देणारं एक सर्किट असतं, कन्व्हर्टर. ते सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं आणि दर वेळी थोडी वीज स्वतःच खातं. यंत्र मोठं असलं तर ते खाणं लक्षात येत नाही. पण नुसतं एखादं घड्याळ चालवायचं असेल, तर घड्याळापेक्षा कन्व्हर्टरच जास्त खातो. म्हणून काम कमी असलं की त्याला झोपवायचं, मधूनच उठवून थोडी वीज पुढे ढकलायची आणि पुन्हा झोपवायचं.

"म्हंजे यंत्राले झोपवाचा पगार भेटते तुले," आत्या म्हणाली.

कंपनीतल्या कुणालाही माझं काम इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

आमच्या वस्तीतल्या विहारात सोलरच्या बॅटरीवर एक दिवा आणि आकडे दाखवणारं भिंतीवरचं घड्याळ चालायचं. आभाळ झाकलेलं राहिलं की बॅटरी बसायची. मग रविवारची वंदना ज्याच्या त्याच्या मोबाइलप्रमाणे सुरू व्हायची. आत्या महिला मंडळाची अध्यक्ष, तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे आला. मी चाचणीसाठी बॅगेत आणलेलं माझंच सर्किट काढून तिथल्या जुन्या कन्व्हर्टरच्या जागी बसवलं. मीटर लावून पाहिलं, तर नुसत्या घड्याळावर त्याचं स्वतःचं खाणं जवळजवळ संपलं होतं. बाबांनी मंडळापुढे छोटंसं भाषण केलं. त्यात मी देशाची वीज वाचवत होते. मी ते दुरुस्त केलं नाही.

रविवारी सकाळी वंदना झाली. दिवा मालवून सगळे डोळे मिटून ध्यानाला बसले. त्या शांततेत एक बारीक, चिवट आवाज येऊ लागला.

"कोन किरकिर करून राह्यलं?" आत्याने डोळे न उघडता विचारलं.

रातकिडा असणार, असं ठरलं. सतरंज्या उचलल्या गेल्या, कपाट सरकवलं गेलं. शोधायला दिवा लावला की आवाज बंद. मालवला की सुरू.

"उजेडाले भेते तो," शेजारचे निवृत्त तलाठी काका म्हणाले.

मला तोवर कळून चुकलं होतं. दिवा लागला की काम वाढतं आणि कन्व्हर्टर जागा राहतो. दिवा गेला की तो झोपायला लागतो. त्याच्या झोपण्या-उठण्याचा वेग आता माणसाच्या कानाला ऐकू येईल इतका खाली आला होता आणि त्या ठेक्यावर सर्किटवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे इवलेसे तुकडे, थरथरून गात होते. प्रयोगशाळेत एसी चालू असतो, तिथे हे कुणाला ऐकू आलं नव्हतं.

"काका, रातकिडा नाही. ते माझंच यंत्र आहे," मी म्हणाले.

"मले तं काईच आयकू येत नाई," बाबा म्हणाले. त्यांना तसंही कमीच ऐकू येतं, पण बाजू माझी घेतली.

"मंग त्याले झोपवतं काऊन?" आत्याने विचारलं. "राहू दे ना जागं."

जुना कन्व्हर्टर परत लावायचा नसेल, तर कंपनीतून न किरकिरणारी नवीन चिप येईपर्यंत दुसरा उपाय नव्हता. त्याला झोप लागू नये म्हणून मी बुद्धमूर्तीसमोर एक छोटा एलईडी जोडला, कायम जळणारा. किरकिर थांबली. वाचवलेली बहुतेक वीज आता तो एलईडी खातो. बॅटरी पूर्वीपेक्षा थोडी जास्त टिकते, इतकंच.

मंडळाने पुढच्या रविवारी शाल देऊन माझा सत्कार केला. मूर्तीवर इतका सुंदर उजेड पाडल्याबद्दल.