खुर्चीचं चित्र असलेलं दार

"मी त्याच्यात नाही जात. एकदा सांगितलं ना तुले."

"काहून नाही जात?"

"दारावर चाकाच्या खुर्चीचं चित्र आहे. माहे पाय धड आहेत."

"पायाचं कोण विचारून राहिलं? पोटाचं बोल."

मॉलच्या लेडीज टॉयलेटमध्ये, शेवटच्या मोठ्या दारासमोर, आम्ही दोघी म्हाताऱ्या अशा भांडत होतो. सिनेमा सुरू व्हायला आला होता. प्रमिलाचं गेल्या वर्षी आतड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून पोटाला पिशवी असते. साडीखाली कोणाला दिसत नाही. पण ती रिकामी करायला जागा लागते, हाताशी नळ लागतो. बाकीच्या खोल्या अशा, की दार लावलं की गुडघे दाराला टेकतात. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच आमच्यासोबत निघाली होती आणि आता म्हणत होती, "ऑटो करून दे, मी घरी जातो." आज घरी गेली असती तर पुन्हा आमच्यासोबत बाहेर पडली नसती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

सगळ्या म्हणजे आम्ही चौघी, सकाळी बगीच्यात फिरणाऱ्या. पुरुषांच्या बाकावर राजकारण चालतं, आमच्या बाकावर संडास. हसू नका. साठीनंतर बाईमाणूस घराबाहेर पडलं की पहिला प्रश्न तोच पडतो, म्हणून किस्सेही त्याचेच साठतात. भांडता भांडता मी तिला तेच ऐकवायला घेतले.

"आपल्या सुशीलेचं आठव," मी म्हटलं.

सुशीलाचा नातू ओजस नऊ वर्षांचा. ऑटिझम आहे. दिसायला गुटगुटीत, पण हात वाळवायच्या मशीनचा आवाज झाला की कान दाबून खाली बसतो. जेन्ट्समध्ये एकटा पाठवता येत नाही. म्हणून सुशीला त्याला घेऊन मोठ्या खोलीत जाते. एकदा बाहेर निघाली तर एक बाई कमरेवर हात ठेवून उभी.

"एवढा मोठा पोरगा लेडीजमध्ये काहून आणला?"

सुशीला म्हणाली, "मी जेन्ट्समध्येच गेली असती बाई, पण तिथं तुमचे मिस्टर उभे आहेत."

सुशीला शेजारीच उभी होती, ती हसली. प्रमिला नाही हसली.

मग मी माझा काढला. हिंगणा रोडच्या एका लॉनवर लग्न होतं. माझे गुडघे गेलेले, खाली बसवत नाही, आणि कमोड एकच, तोही अपंगांच्या खोलीत. दारावर अपंगांची पाटी, पण खोलीला कुलूप. मी शाळा पाहिली नाही, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकले. म्हणून पाटी दिसली की मी ती खरी धरते. मॅनेजरला बोलावून कुलूप उघडायला लावलं, तर आत केटररच्या कढया रचलेल्या.

"आजी, आमच्या इथं अपंग कोणी येतच नाही," मॅनेजर म्हणाला.

"मंग यातली लंगडी कढई कोणती, तेवढं दाखव गा."

कढया बाहेर निघाल्या, मी आत गेले.

"तू भांडकुदळ आहेस, तुले जमते," प्रमिला म्हणाली. "मले कोणी विचारलं तं काय सांगू? पदर बाजूले करून दाखवू?"

आता कमल मध्ये पडली. कमल शाळेत बाई होती, अजूनही साऱ्या जगाला रांगेत उभं करते. तिचा किस्सा दवाखान्यातला. मोठ्या दाराशी एक पोरगी जुळी लेकरं घेऊन घायकुतीला आलेली. कमलने तिला अडवलं, "हे अपंगांसाठी आहे." तेवढ्यात चाकाच्या खुर्चीवर एक बाई आली. कमल तिला म्हणाली, "या, तुमचा नंबर पहिला."

ती बाई म्हणाली, "लेकरांले जाऊ द्या आधी, त्यांले दम निघत नाही. मी तं बसूनच आहे. उभ्या तुम्ही आहात."

यावर प्रमिलाच्या ओठाची कड हलली. पाय मात्र हलेनात.

आणि तेवढ्यात जिमचे कपडे घातलेली एक पोरगी आत आली. चौघी म्हाताऱ्या दार अडवून उभ्या, म्हणून थांबली. तिने प्रमिलाला वरून खालपर्यंत पाहिलं.

"काकू, हे अपंगांसाठी आहे. तुम्हाला काय झालंय?"

झालं. ज्याला प्रमिला वर्षभर भीत होती, तेच. माझं तोंड उघडलंच होतं, पण प्रमिलाने माझा दंड घट्ट दाबला. पर्समधून आपलं पिशवीच्या सामानाचं छोटं पाकीट काढून घेतलं आणि पर्स त्या पोरीच्या हातात कोंबली.

"हे धर, आत ओलं असते. मी येतवरी दाराशी उभी राह्य, अन् कोणी विचारलं तं सांगजो, माही माय आत आहे."