बँडला खूण कोणी केली

१४ जानेवारी २०२४. उत्तरायणाच्या दुपारी सुकलाल वाडिले आमच्या गच्चीवर आला आणि त्याने माझ्या हातावर तीनशे रुपये ठेवले. छापून येणाऱ्या पुस्तकाची आगाऊ किंमत साडेतीनशे होती. "पन्नास नंतर देतो," म्हणाला, आणि पतंग सोडून माझ्याजवळ बसला.

पुस्तक रिसालदार साहेबांचे. सैन्यातून निवृत्त होऊन ते सुरतेत आले आणि आमच्या मराठी मंडळाचे हौशी अश्वपथक त्यांनी उभे केले. त्या पथकाच्या आठवणी त्यांनी लिहिल्या होत्या. मंडळ छापत होते आणि मंडळाचा खजिनदार मी. हिशेब माझ्याकडे होता, मजकूर मी वाचला नव्हता.

सुकलाल पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये मशीनवर आहे. मूळ अमळनेरकडचा. लहानपणी गावच्या पाटलाची घोडी फिरवायचा, म्हणून पथकात साहेबांनी त्याला आपल्या अगदी मागे ठेवले. गिरणीत, दुकानात, बँकेत काम करणारी अकरा माणसे रविवारी सकाळी दिंडोलीच्या मैदानावर रांगेत चालणे शिकत. साहेब ओरडायचे, "पाठ ताठ! लग्नाला निघालात का?" पण घोड्या लग्नाच्याच होत्या. सुरतेत भाड्याने दुसऱ्या मिळत नाहीत.

२०१६च्या शिवजयंतीला पथक पहिल्यांदा मिरवणुकीत निघाले. भगवे फेटे, कमरेला तलवारी. पुढे बँड होता, पण तो गप्प चालायचा असे ठरले होते, कारण वरातीची घोडी बँड ऐकला की नाचते. तिला तेच शिकवलेले असते. उधन्याच्या चौकात गर्दी पाहून साहेबांना राहवले नाही. त्यांनी तलवार उंचावली.

गर्दीतून पुढे फक्त पाते दिसले, कोणाचे ते नाही, पण बँडवाल्यांना वाजवायला एवढे पुरे होते. त्यांनी नवरदेवाचे गाणे धरले. साहेबांच्या घोडीसकट बाराच्या बारा घोड्या पुढचे पाय उचलून थुईथुई नाचायला लागल्या. गर्दी हसून लोळली. एकाने तर एका मावळ्यावरून दहाची नोट ओवाळून बँडवाल्याला दिली. साहेबांची घोडी गोल फिरत सोड्याच्या गाडीवर गेली, बाटल्या फुटल्या आणि एका म्हाताऱ्याचा हात मोडला.

पोलिसांनी विचारले, बँडला खूण कोणी केली? मी मागे दानपेटीजवळ होतो, मला काही दिसले नव्हते. सुकलाल पुढे होऊन म्हणाला, "मी केली."

त्याच दिवशी त्याला पथकातून काढले. मिलच्या गेटवर गावाकडची माणसे अजून अहिराणीत चिडवून विचारतात, "काय सुकलालभाऊ, आज कोनी वरात शे?"

गच्चीवर त्याने मला पहिल्यांदा सांगितले की खूण साहेबांनी केली होती. पोलीस यायच्या आधी साहेबांनी त्याला बाजूला घेऊन म्हटले होते, "माझं नाव आलं तर पथक बंद होईल. तू आज सांभाळून घे. योग्य वेळी मी स्वतः सगळ्यांना सांगेन, हा सैनिकाचा शब्द."

"मग आज का सांगतोस?"

"आता पुस्तकच येतंय ना दादा. त्यात साहेबांनी लिहिलंच असेल."

पुढच्या महिन्यात शिवजयंतीला मंडळाच्या हॉलमध्ये प्रकाशन झाले. सुकलालची बायको मंदा ठेवणीतली पैठणी नेसून आली होती. भाषणे संपेपर्यंत सुकलालने पुस्तक उघडले नाही. मग त्याने ते प्रकरण शोधले आणि उभ्यानेच वाचले. त्यात लिहिले होते: 'आमच्यातील एका उतावळ्या स्वाराने, सुकलाल वाडिले याने, माझा हुकूम मोडून बँडला इशारा केला. शिस्तीसाठी मला त्याला दूर करावे लागले.'

तो सह्यांच्या टेबलाशी गेला. मीही गेलो.

"साहेब, हे काय लिहिलंत?"

साहेबांनी पेन थांबवले नाही. "काय चुकलं?"

"शब्द दिला होता तुम्ही."

"सुकलाल, पोलिसांपुढे तू काय बोललास? मी केली म्हणालास. मी तुझंच म्हणणं लिहिलंय. आता बदलायचं म्हणजे तू तेव्हा खोटं बोललास असं होईल. चालेल तुला?"

मागे रांगेत उभा असलेला कोणीतरी म्हणाला, "अरे चलो भाई, बाजूला व्हा."

मंदा जवळ येऊन हळूच म्हणाली, "आते काय करशात?"

"काही नही," सुकलाल म्हणाला. "चाल, घर चाल."

मी कार्यकारिणीत विषय काढला. पुढच्या आवृत्तीत बघू, असे ठरले. पाचशे प्रतींपैकी चारशे अजून कपाटात आहेत, त्यामुळे पुढची आवृत्ती निघणार नाही. पथक चालू आहे. शिवजयंतीला सुकलाल आता दिवसपाळी मागून घेतो. माझ्याशी बोलतो, पण मंडळात येत नाही.

पुस्तकाचे पन्नास रुपये त्याच्याकडून येणे बाकी आहेत.