सोपान आप्पांच्या मेंदूचा फोटो

वरवंडात आमच्या सोपान आप्पांवर विश्वास ठेवणारा माणूस शोधून सापडायचा नाही. माझे हे चुलते जन्माचे थट्टेखोर. एकदा पाटसला हेलिकॉप्टर उतरलंय असं सांगून त्यांनी अर्धं गाव तिकडं पळवलं होतं. त्यामुळं पार्किन्सननं हात थरथरायला लागल्यावर सहा वर्षांनी ते विसरायलाही लागले, तेव्हा कुणी मनावरच घेतलं नाही. स्वतः उसाची मोटर चालू करून घरी यायचे आणि विचारायचे, "मोटर कुणी लावली रं?" सगळे हसायचे. मीही.

धुरपदा काकी मात्र चिडायच्या. "सोंगं बंद करा आता. साऱ्या जन्माची थट्टा झाली."

"सोंग न्हाई गं. खरंच ध्यानात ऱ्हात न्हाई," आप्पा म्हणायचे आणि गप्प बसायचे. गप्प बसणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हता.

शेवटी त्यांच्या पार्किन्सनवर औषध देणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरबाईंनी त्यांचं नाव विसरण्यावरच्या एका संशोधनात घातलं. एक एमआरआय, त्यात मेंदूतली जोडणी दिसते. आणि एक पेट स्कॅन, त्यात सूज. आप्पा लगेच तयार. "फोटू काढा. हिची एकदा खात्री पटू द्या."

घोडं अडलं ते चांदीच्या करदोड्यापाशी. मशीनमध्ये धातू चालत नाही. आप्पा म्हणाले, "करदोडा मेल्यावर काढत्यात. मी अजून हाय." टेक्निशियन हसला, त्याला थट्टाच वाटली. काकींनी डब्याच्या पिशवीची नाडी ओढून काढली, पडद्याआड आधी ती त्यांच्या कमरेला बांधली आणि मगच चांदीचा सोडला. नंतर दिवसभर मी उघडी पिशवी काखेत धरून हिंडलो.

महिन्याभरानं डॉक्टरबाईंनी फोटो दाखवले. मेंदूचे भाग एकमेकांना जोडणारा पांढरा भाग जागोजागी खराब झाला होता. दुसऱ्या फोटोत सुजेच्या खुणा होत्या. "या दोन्हींचा विसरण्याशी नेमका संबंध काय, तेच आम्ही शोधतोय," बाई म्हणाल्या. "पण आजोबांचा आजार खरा आहे. औषधानं थोडा आधार मिळेल, पूर्ण बरं होणार नाही."

आप्पा निवडणूक जिंकल्यासारखे खूश. "बघ गं, मी खोटं बोलत नव्हतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकींनी सगळ्यांदेखत त्यांचा थरथरता हात धरला. "चुकलं माझं. वरीसभर लई बोलले मी तुम्हाला."

आप्पांनी जरा विचार केला.

"कवा?" त्यांनी विचारलं, आणि ते खरंच विचारत होते.