शनिवारचा निळा धूर

नाव नीट चालली तर माणसं पैलतीर गाठून विसरून जातात. बिघडली की किस्से साचत जातात. आमच्या देशमुख सरकारांची जुनी शिडाची नाव गोदावरीवर चालायची, पोटात पेट्रोलचं विलायती इंजिन. मी शिडावर, धोंडिबा भोई सुकाणूवर, करीम मिस्त्री इंजिनावर. आता इंजिन न्हाई, किस्से तेवढे हायत. लई वाईट वाटतं.

*

पौषातली सकाळ. इंजिन सुरू केलं तर पांढराफेक धूर. सरकार काठावरनं ओरडले, "मिस्त्री, आत पाणी शिरलं!"

मिस्त्री म्हणाला, "सरकार, ठंडीची वाफ हाय. तुमच्या तोंडातून बी निघती."

सरकारांनी तोंड मिटलं. इंजिन तापल्यावर धूर बी गेला.

*

एकदा काळा निघाला. काळा म्हंजे पेट्रोल जास्त, हवा कमी. मिस्त्रीनं पेट्रोल कमी केलं, तरी काळाच. वाकून बघतो तर नावेत बसलेल्या तहसिलीच्या पेशकारानं ओलं उपरणं इंजिनाच्या हवेच्या तोंडावर वाळत घातलेलं.

"साहेब, उचला की. त्याला बी श्वास लागतो."

पेशकार म्हणाला, "आधी बघ, वाळलंय का."

*

निळा म्हंजे इंजिनात तेल जळतंय. हा निळा फक्त शनिवारी निघायचा. शनिवारी पल्याड बाजार, नाव गच्च. ओझ्यानं निघत असंल म्हणून मिस्त्रीनं पोती कमी केली. मग औरंगाबादहून तेल अडवणाऱ्या, पिस्टनच्या नव्या रिंगा आणून बसवल्या. शनिवारी पुन्हा निळा.

मी म्हणालो, "मिस्त्री, ह्याला वार कसा कळतो बे?"

"तुझ्यापरीस हुशार हाय म्हणून," मिस्त्री म्हणाला, पण हसला न्हाई.

*

सरकार वैतागले. "आता निळा धूर दिसला की इंजिन विकणार. शिडावर चालवा नाव."

त्या दिवशी मिस्त्री जेवला न्हाई. इंजिन गेलं तर घाटावर त्याला काम काय उरणार? धोंडिबा त्याच्याजवळ बसला. "काळजी करू नका, मिस्त्री. मी बघतो. इंजिन जात न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून निळा धूर रोज निघायला लागला.

*

इंजिन बैलगाडीत घालून नेलं, तवा धोंडिबा काठावर बसून रडला.

"दर शनिवारी मारुतीला घालतो तसं ह्याला बी तेल घालत व्हतो. त्या हवेच्या तोंडात. सरकार बोलले तवापासनं रोज घातलं. तरी काहून गेलं?"

मला वाटलं, आता मिस्त्री ह्याला पाण्यात ढकलतो. मिस्त्रीनं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आन घाट चढून गेला.

*

पुढच्या शनिवारी मिस्त्री निरोप घ्यायला आलता. इंजिनाच्या जागी आमी जवारीची पोती रचलती. धोंडिबा तेलाची वाटी घेऊन आला आणि पोती बघून तसाच उभा राहिला.

करीम मिस्त्री नावेत उतरला. एकेक पोतं उचलून बाजूला ठेवलं. जागा मोकळी झाली तसा धोंडिबाला म्हणाला, "घाला, मामा."