इंजिनाचं माप

खामगाव स्टेशनासमोरचे टेलरमास्तर माझे ब्लाउज कधीच वेळेवर देत नसत. जलंबहून गाडी आली की ते मशीन सोडून टेप घेऊन फलाटावर जात, जुन्या रेल्वे कंपनीच्या इंजिनाचा एखादा भाग मोजत आणि वहीत माझ्या मापांखालीच लिहीत. दुकानात ते तसंच छोटं इंजिन करत होते, पत्र्याचं. चाकं रिकाम्या रिळांची.

एका शनिवारी ते इंजिन शेवटचं आलं. पुढे भंगारात जाणार होतं. ब्लाउज न्यायला आलेली मीही मास्तरांमागे फलाटावर गेले.

"बाई, धुराड्याची उंची राह्यली ना!" मास्तर रडवेले झाले.

ड्रायव्हर हसला. "काऊन हो मास्तर, इंजिनाले कोट शिवता का?"

"हाव, शिवतो. मले वर तं चढू द्या!"

"चढू द्या त्यांना," मी वर्गात दटावते त्या आवाजात म्हणाले.

धाग्याचं टोक माझ्या हाती देऊन, रीळ सोडत मास्तर वर गेले. वाफेत ते दिसेनासे झाले. माझ्या चिमटीत नुसता पांढरा धागा थरथरत राहिला.

पुढच्या आठवड्यात ब्लाउज सांगितल्या दिवशी तयार होते. पत्र्याचं इंजिन पुरं होऊन फळीवर उभं होतं. बाहेर नव्या इंजिनाची शिट्टी झाली. मास्तरांनी मान वर केली नाही.

ब्लाउज उशिराच मिळाले असते तर बरं झालं असतं.