उसवलेला नमुना

धाकटीची पन्नाशी उलटली तरी घरी आणि कामावर सगळे तिला धाकटीच म्हणत. घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि त्यात ती आणि थोरली बहीण, दोघीच. धाकटी कशाला घाबरत नसे हे सांगणं सोपं, कारण ती यादी फार आखूड होती. दार वाजलं की तिला धस्स होई, कामावरच्या साहेबांनी नुसतं "अहो" म्हटलं की हातातलं काम खाली पडे. थोरली म्हणे, "हिला सावलीनं हाक मारली तर ही ओ देईल आणि वर माफीही मागेल."

रफूच्या कामात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका मोठ्या हॉटेलच्या कपड्यांच्या खोलीत ती चादरी आणि टेबलक्लॉथ रफू करी. तिथल्याच एका म्हाताऱ्या रफूवाल्या मावशीनं तिला जेवणाच्या सुट्टीत क्रोशाची लेस शिकवली. पहिले दोन महिने नुसती साखळी. "अगं, किती आवळतेस! दोरा काय पळून जाणार आहे?" मावशी ओरडे. तिसऱ्या वर्षी धाकटीची लेस बघण्यासारखी झाली, आणि मावशीनं निवृत्त होताना आपली ठेव तिच्या हवाली केली. ती ठेव म्हणजे पाकिटातली जागा.

तेव्हा मोबाईल वगैरे नव्हते. अकरा गावांतल्या अकरा बायका एका मासिकातल्या पत्त्यांवरून जमलेल्या, आणि त्यांचं एक जाड कापडी पाकीट पोस्टानं एकीकडून दुसरीकडे फिरत असे. पाकीट आलं की आपला जुना नमुना काढायचा, नवा टाचायचा, बाकीच्यांचे बघून शिकायचे, चिठ्ठी घालायची आणि पंधरा दिवसांत पुढं धाडायचं. कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण एकीच्या सुनेचं बाळंतपण आणि दुसरीचा मोतीबिंदू सगळ्यांना ठाऊक असे. मैत्रिणी म्हणाव्यात अशा धाकटीला जगात याच दहा जणी होत्या.

एक नमुना मात्र कधी बदलत नसे. पाकीट सुरू करणाऱ्या पहिल्या बाईंच्या हातची ती वीतभर लेस काळ्या कापडावर टाचलेली होती. पानांवर पानं चढलेली, आणि कुठला खांब, म्हणजे उभा टाका, कुठून निघालाय ते आजवर एकीलाही उलगडलेलं नव्हतं. बाईंना जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यांची लेक या अकरा जणींत होती, आणि धाकटीकडून पाकीट जायचं ते तिच्याचकडे.

एका रविवारी दुपारी धाकटीनं ती लेस मागच्या बाजूनं बघावी म्हणून टाके सोडवले. भिंगाखाली कोपऱ्यात दोऱ्याचं टोक दिसलं. क्रोशाच्या लेसला टोकं दोन. सुरुवातीचं ओढलं तर काही बिघडत नाही, पण शेवटचं ओढलं आणि त्याची गाठ झिजलेली असली तर सगळं उसवत येतं. हे मावशीनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. धाकटीला ते टोक सुरुवातीचं वाटलं. जरा घट्ट करावं म्हणून तिनं ओढलं, आणि सर्रकन अख्खी ओळ हातात आली.

"ताई, मी मेले," ती म्हणाली.

"मेलेली माणसं सांगत येत नाहीत. काय केलंस?"

धाकटीनं कुरळा झालेला दोरा पुढं धरला. थोरलीचंही तोंडचं पाणी पळालं, पण क्षणभरच. "पाकीट पोस्टात हरवलं म्हणून सांग."

धाकटीला मोह झाला, खोटं कशाला बोला. आता त्या दहा जणी आपल्याला काढून टाकणार याची तिला खात्रीच वाटली. पण हरवलं म्हटलं तर पाकिटातले बाकीचे दहा नमुनेही दडवावे लागले असते, आणि ते तिच्या हातून होईना.

गेलेली ओळ परत घालायची तर ती कशावर उभी होती ते कळायला हवं. ते कळायला एकच वाट होती, पुढं उसवत जायचं. ती एकेक टाका सोडवी आणि वहीत लिहून ठेवी. बाराव्या दिवशी लेस उरली नाही, नुसता दोऱ्याचा गुंडा उरला. मग वही उलटी वाचत तिनं त्याच दोऱ्यानं सगळी लेस परत घातली. शेवटची ओळ न मोजताच गेली होती, ती तिनं अंदाजानं घातली. चिठ्ठी सात वेळा फाडून आठव्यांदा लिहिली, "माझ्या हातून उसवली. मी घातली. मला माफ करा."

पाकीट गेलं आणि जीव टांगणीला लागला. पोस्टमनची सायकल दिसली की ती मोरीत जाऊन उभी राही. नवव्या दिवशी लेकीचं पत्र आलं. धाकटीच्यानं ते फोडवेना, तेव्हा थोरलीनंच वाचलं.

"शेवटची ओळ आईची नाही, ते लगेच दिसलं. खूप रडले. खरं सांगते, दोन दिवस तुमचा रागही आला. मग वाटलं, आठ वर्षं मी त्या लेसला बोटही लावलं नाही, उसवेल म्हणून. आईनं ती मला शिकवली नाही, आणि मी भीतीपोटी कधी विचारलं नाही. आता ती कशी घालायची हे जगात फक्त तुम्हाला माहीत आहे. लिहून पाठवाल का?"

"घे," थोरली म्हणाली. "आता घाबरायला आणखी एक कारण मिळालं तुला."

ते खरंच होतं. चुकलं तर विचारायला आता कोणी नव्हतं. म्हणून धाकटीनं वहीवरून ती लेस तीनदा घालून बघितली, आणि मगच स्वच्छ कागदावर एकेक ओळ उतरवली. वर लिहिलं, "तुमच्या आईची". शेवटच्या ओळीपाशी मात्र थांबली, आणि तिच्यापुढं तिनं लिहिलं, "ही माझी. भीत भीत घातलेली."